मच्छरकाकांनी नाव दिलं

"हे बघा सिस्टर," असं म्हणत सुनेनं सासूच्या गाऊनची बाही वर सरकवली.

सिस्टर तेव्हा म्हातारीच्या पाठीवरची जखम साफ करत होत्या. म्हातारी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली. सिस्टरांनी मान वर करून पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा डाग होता, मधे काळानिळा आणि कडेला पिवळट.

"चार वेळा टोचलं तुमच्या काकांनी. चौथ्यांदा कुठे रक्त आलं. आई काही बोलल्या नाहीत, पण डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या."

"अगं, माझ्या शिराच पळपुट्या," म्हातारी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "त्याचा काय दोष?"

सुनेनं बाही खाली घेतली आणि आवाजही खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते. माझा भाऊ वृद्धांसाठी निवास काढतोय, मी बोलले होते ना? चाळीस खोल्या आहेत. त्याला अशीच घरी येणारी, खात्रीची माणसं हवीत. मी तुमचं नाव दिलंय. ड्रेसिंगला तुम्ही, व्यायामाला तुमचे ते पहिलवान, औषधांना तुमचे केमिस्ट, सगळं तुमच्यावर सोडलंय त्यानं. फक्त रक्त घ्यायला हे काका नकोत. दुसरं कुणी आहे?"

सिस्टरांना खरं तर पुष्कळ काही बोलता आलं असतं. काकांशी बोलून सांगते, असं म्हणता आलं असतं. त्यांचा हात हल्ली थरथरतो, मलाही ते दिसलंय, असंही म्हणता आलं असतं. पण तोंडातून भलतंच निघून गेलं, आणि तेही किती सहज!

"काका नाहीतच आता. त्यांनी काम सोडलंय. तुमच्याकडचं शेवटचंच."

"हो का? मग प्रश्नच मिटला," सून म्हणाली.

"सोडलं?" म्हातारीनं मान वळवायचा प्रयत्न केला. "परवा तर म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो म्हणून."

"वय झालं ना आता, आजी," सिस्टर म्हणाल्या आणि चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा दाबून बसवला. म्हातारीला वळता येत नव्हतं, सिस्टरांचं तोंड दिसत नव्हतं, याचं त्यांना त्या क्षणी बरंच वाटलं.

काकांना अख्खं शहर मच्छरकाका म्हणायचं. नाव त्यांचं त्यांनीच पाडून घेतलेलं. सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी चिडचिडलेल्या घरात शिरायचं आणि दारातूनच ओरडायचं, "मच्छर आलाय हो, दंड पुढे करा!" पोरं हसायची, सुईला घाबरणारे बाप्ये कसनुसं हसायचे, आणि हसेपर्यंत नळी भरलेली असायची. चाळीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन रक्त घेतलं. अमुक बाईंची शीर डाव्या मनगटावरच सापडते, तमुक वकील सुई बघून बेशुद्ध पडतात तेव्हा त्यांना आधी आडवं करायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लिहून काही ठेवत नसत.

सिस्टर ज्या दवाखान्यात कामाला होत्या तो अठरा वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हा पदरात दोन वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची नोकरी हंगामी. घरी जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग करावं असं त्यांच्या मनात आलं, पण ओळखदेख नसलेल्या बाईला आपल्या आजारी माणसाच्या खोलीत कोण घेईल? मच्छरकाका त्या दवाखान्यात नमुने पोचवायला येत. त्यांनी सिस्टरांचं काम पाहिलं होतं, एवढीच काय ती ओळख. एक दिवस त्यांनी एका घराचा पत्ता सांगितला. "म्हातारे गृहस्थ आहेत, लघवीची नळी बदलायची असते. त्यांना म्हटलंय, माझी माणूस आहे."

त्या एका घरानं पुढची तीन घरं दिली. मग काकांनीच पहिलवानांशी गाठ घालून दिली. पहिलवान म्हणजे घरी येऊन हातापायांचे व्यायाम करून घेणारे. अंगानं इतके काटकुळे की पहिल्यांदा बघणाऱ्याला यांनाच कुणीतरी धरावं असं वाटे, म्हणून ते नाव. आणि चौथे केमिस्ट, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. अशी चौघांची चौकडी जमली. केमिस्टांकडे कुणी पाठीच्या जखमेचं मलम मागायला आलं की ते विचारत, "बघायला कोण येतं?" आणि सिस्टरांचं नाव सांगत. सिस्टरांना एखाद्याचा पाय आखडलेला दिसला की त्या पहिलवानांना धाडत. कुणी कुणाकडून काही घेत नसे. देवघेव होती ती फक्त नावाची.

नावाबद्दल काकांचा एकच नेम होता. "नाव द्यायचं म्हणजे आपली मान द्यायची," ते म्हणत. "आणि एखाद्याचं नाव द्यायचं बंद करायचं झालं, तर आधी त्याला तोंडावर सांगायचं. गिऱ्हाइकाला नाही. त्याला."

हे ते नुसतं म्हणत नसत. सिस्टरांच्या दुसऱ्याच वर्षी एका पेशंटला त्यांनी दिलेलं इंजेक्शन पिकलं होतं. काका त्याच दुपारी घरी आले, खुर्चीतही न बसता म्हणाले, "पोरी, तू घाई केलीस. हात नीट धुतले नसणार. महिनाभर मी तुझं नाव देणार नाही. महिन्यानंतर देईन." सिस्टर दोन दिवस रडल्या. महिना संपला त्या सकाळी काकांचा फोन आला. एका नव्या घराचा पत्ता होता. त्या गोष्टीचा नंतर त्यांनी कधी उच्चारही केला नाही.

काकांचा हात गेल्या वर्षापासून कापत होता. सिस्टरांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा नळीचं झाकण लावताना तीनदा हुकलं आणि काका हसून म्हणाले, "झाकणं हल्ली लहान काढायला लागलेत." सिस्टर हसल्या होत्या. तोंडावर सांगायची वेळ ती होती, आणि ती त्यांनी हसण्यावारी नेली.

निवासाचं काम मिळालं. सुनेचा भाऊ भला माणूस होता. बहिणीचा शब्द त्याला पुरे होता. रक्त घ्यायला सिस्टरांनी एका लॅबमधली मुलगी सुचवली, तीही चांगली निघाली. पहिल्याच आठवड्यात अकरा खोल्यांतली कामं लागली. एका खोलीतल्या आजोबांचा खांदा पहिलवानांनी वीस दिवसांत इतका मोकळा केला की ते स्वतःच्या हातानं केस विंचरायला लागले, मग त्यांच्या मुलानं आपल्या सासऱ्यांसाठी आणि सासऱ्यांनी आपल्या शेजाऱ्यांसाठी याच माणसांना बोलावलं. कामाला कामं लागत गेली.

आणि सिस्टरांचा तो शब्दही तसाच, कानोकानी, पुढे गेला.

महिन्याभरात केमिस्टांनी विचारलं. दुकानात गर्दी नव्हती, ते गोळ्यांची पाकिटं कापत होते. "सिस्टर, काकांनी काम सोडलं म्हणे? निवासातल्या कुणीतरी सांगितलं. मला काही बोलले नाहीत हो."

"म्हणजे... थांबल्यासारखंच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"बरं झालं सांगितलंत. मी अजून दोघांना त्यांचाच नंबर दिला असता."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना सिस्टर घुटमळल्या. परत फिरावं, सांगावं, असं दोनदा वाटलं. पण आता सांगायचं म्हणजे पहिलं खोटंही कबूल करायचं. त्या घरी गेल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो चार शब्द सुनावेल.

"मग बरोबरच केलंस की," नवरा चहाची कपबशी विसळत म्हणाला. "उद्या त्यांनी कुणाची शीर फोडली असती तर तुझ्या नावावर आलं असतं. शिवाय त्यांचा अपमान नको म्हणून तू 'सोडलं' म्हणालीस. चांगुलपणाच आहे त्यात."

सिस्टरांना ते पटवून घ्यायचं होतं. पटेना. ज्या घरचं खाल्लं त्याचेच वासे मोजले, एवढंच पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिलं.

पुढच्या रविवारी, भर दुपारी, दारात काका उभे. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, कामाला निघाल्यासारखे. हातात त्यांचा जुना फोन.

"काका! या, बसा ना."

"बसत नाही. माझा फोन बिघडलाय की काय ते बघ जरा. तीन आठवडे झाले, सकाळचा एकही फोन नाही. दुकानात दाखवला, तो म्हणतो चांगला आहे. म्हटलं, तुझ्याकडून खात्री करून घ्यावी. लाव बघू मला."

सिस्टरांनी आपला फोन घेतला. नंबर पाठ होता, तरी बोट चुकलं, पुन्हा लावला. काकांच्या हातातला फोन खणखणीत वाजला. काकांनी तो कानाला लावला. दोघांत दोन हातांचं अंतर होतं.

"हॅलो," काका म्हणाले.

"हॅलो काका."

काका फोन कानाला धरून सिस्टरांकडे बघत राहिले. "बोल पोरी. काय बोलायचंय?"

आतल्या खोलीत मुलगी परीक्षेचं काहीतरी मोठ्यानं पाठ करत होती. काकांच्या हातातला फोन कानाशी किंचित हलत होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय नीट."

"येतोय ना?"

"येतोय."

"मग फोन चांगला आहे," असं म्हणून काकांनी तो बंद केला आणि खिशात ठेवला. "कुणीतरी उठवलंय म्हणे, मी काम सोडलं म्हणून. तुझ्या कानावर काही?"

"नाही हो," सिस्टर म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. जिन्याच्या कठड्याला धरून ते सावकाश खाली उतरले. चहाला थांबले नाहीत. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी सिस्टरांना एका अनोळखी नंबरावरून फोन आला. निवृत्त शिक्षक होते, बोलणं अगदी व्याकरणशुद्ध. पायाला जखम झाली होती, मधुमेहामुळे भरत नव्हती.

"आपलं नाव मला मच्छरकाकांनी दिलं," ते म्हणाले. "म्हणाले, या गावात जखमेला तिच्यासारखा हात नाही, डोळे मिटून बोलवा."

"कधी दिलं?" सिस्टरांनी विचारलं. प्रश्न विचित्र होता, पण त्यांना राहवलं नाही.

"कालच. का हो?"

"काही नाही. येते मी."

शिक्षकांची जखम खोल होती. ती साफ करायला पाऊण तास लागला. शिक्षक सबंध वेळ काकांबद्दल बोलत होते; तीस वर्षांत त्यांच्या घरात काकांनी चार पिढ्यांचं रक्त घेतलं होतं. सिस्टर हूं हूं करत होत्या. हात आपलं काम नीट करत होते, पण मनातून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिथून त्या निघाल्या त्या थेट काकांच्या घरी.

दार काकूंनी उघडलं. एरवी काकू दारातच हात धरायच्या, किती वाळलीस म्हणायच्या. आज त्यांनी नुसतं दार उघडलं आणि काही न बोलता आत निघून गेल्या. सिस्टर काय ते समजल्या.

काका खिडकीशी होते. कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेल घालत होते. तेलाच्या डबीची चोच बिजागरीवर टेकत नव्हती. तेल भिंतीवरून ओघळलं होतं.

"काका, ते मी म्हटलं होतं."

"काय?"

"तुम्ही काम सोडलं म्हणून. मीच सांगितलं त्यांना. त्या सुनेला."

काकांनी डबी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बोटं फडक्याला पुसली, एकेक करून. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"महिना भरला तसा मी त्या म्हातारीकडे गेलो होतो, ठरलेल्या दिवशी. सुनेनं दार उघडलं, म्हणाली, अहो, सिस्टर म्हणाल्या तुम्ही सोडलंत. तुझ्याकडे आलो होतो ना, त्याच्या आदल्या दिवशी."

सिस्टर एक पाऊल पुढे आल्या. "म्हणजे तेव्हा तुम्हाला... मग फोन कशाला लावायला सांगितलात?"

"म्हटलं, तोंडावर जमत नसेल तर फोनवर तरी सांगशील."

आत काकू भांडं घासत होत्या, नुसतंच, एकच भांडं.

"तू म्हणालीस त्यात चूक काही नाही," काका म्हणाले. "हात गेला माझा. मला कळत नाही होय? त्या म्हातारीला चार वेळा टोचलं आणि घरी येऊन जेवलो नाही. हिला विचार. डॉक्टरकडे जाऊन आलो, तो म्हणतो वाढतच जाणार. त्याच आठवड्यात तुझ्याकडे यायचं मनात होतं, धीर होईना. विचारायचं होतं, थांबू का आता? केमिस्ट म्हणेल, छे छे काका, तुम्ही काय! पहिलवान विषय बदलेल. खरं सांगेल ती तूच, असा माझा हिशेब. तू 'थांबा' म्हणाली असतीस तर त्या दिवशी सुयांची पेटी माळ्यावर टाकली असती. आणि घरोघर जाऊन मीच सांगितलं असतं की बाबांनो, मच्छर म्हातारा झाला. चाळीस वर्षं ज्यांच्या दारात गेलो, त्यांना ते मी सांगायला हवं होतं की नाही?"

सिस्टर रडायला लागल्या.

"रडू नकोस. ती आत आहे, तिला अजून त्रास होईल."

"मग त्या शिक्षकांना माझं नाव का दिलंत?"

काकांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्यांचा पाय सडतोय. त्यांना चांगला हात नको? तुझं-माझं काय झालं त्याच्याशी त्यांच्या पायाला काय करायचंय?" त्यांनी भिंतीवर ओघळलेलं तेल फडक्यानं टिपायला सुरुवात केली. ते टिपलं जाण्याऐवजी पसरत होतं. सिस्टर पुढे झाल्या, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"नाव देत जाईन तुझं. कामात तुझ्या खोट नाही," ते पाठमोरे म्हणाले. "पण इथे येत जाऊ नकोस आता. रागावलो म्हणून नाही. मला जड जातं."

सिस्टर उतरल्या. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. आपण छत्री वर विसरलो हे त्यांच्या दोन वळणं गेल्यावर लक्षात आलं, आणि ती आणायला त्या परत गेल्या नाहीत.

त्याच दिवशी त्यांनी केमिस्टांना खरं सांगितलं, आणि पहिलवानांना, आणि त्या सुनेलाही. केमिस्ट म्हणाले, "जाऊ द्या हो, होतं असं." सून म्हणाली, "म्हणजे एकच ना ते? ते करूच शकत नव्हते." कुणीच त्यांना दोष दिला नाही. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त पहिलवान अर्धं हसत म्हणाले, "सिस्टर, माझ्याबद्दल कधी काही वाटलं, तर मला सांगाल ना? मला, आधी?"

"सांगेन," सिस्टर म्हणाल्या. पहिलवानांनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून ते बोलता बोलता मधेच त्यांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले.

चौकडीची तिकडी झाली, तरी काम वाढतच गेलं. निवासातल्या चाळीसही खोल्या भरल्या. एका भावानं दुसऱ्याला सांगावं, एका मजल्यानं दुसऱ्या मजल्याला, असं करत सिस्टरांना सकाळी सहापासून उसंत मिळेना. दोन नव्या परिचारिका त्यांनी हाताशी घेतल्या. त्यांना पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, तुमचं काही चुकलं तर मी तुम्हालाच सांगेन, दुसऱ्या कुणाला नाही. बोलताना त्यांचा आवाज असा चढला की त्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

शिक्षकांचा पाय बरा झाला. काकांकडून नावं येत राहिली, महिन्याला एखादं, कधी दोन. काका स्वतः कधी फोन करत नसत. लोकच करत आणि सांगत, काकांनी दिलं. सिस्टर त्या घरांचा एकही दिवस चुकवत नसत. पण काकांना फोन करून 'पोचले' म्हणायची जुनी रीत होती, ती मात्र मोडली. दोन-तीनदा नंबर काढला, आणि ठेवून दिला.

वर्ष उलटल्यावर असंच एक घर आलं. नवऱ्याच्या पायावर शस्त्रक्रियेचे टाके होते, ते बघायचे होते. बायको बोलकी होती. सिस्टर पिशवी उघडून सामान मांडत होत्या, तोवर तिनं खुर्ची जवळ ओढली.

"मच्छरकाकांनी तुमचं नाव दिलं हो. किती वेळ कौतुक करत होते तुमचं. स्वतःच्या मुलीबद्दल बोलावं तसं." मग तिनं आवाज हळू केला. "बरं, काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? गेल्या आठवड्यात होतं. त्यांना विचारायचं राहूनच गेलं. तुमचं जाणं-येणं असेल, म्हणून विचारते."

सिस्टरांचा हात कापसाच्या गुंडाळीवर थांबला. कसलं ऑपरेशन, कुठे, कधी? 'हो, छान झालं' हे शब्द तोंडाशी तयार होते. बाईचं समाधान झालं असतं, आणि पुढचं कुणी विचारलं नसतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

बाईला नवल वाटलेलं दिसलं. ती काहीतरी विचारणार होती, पण तिच्या नवऱ्यानं कण्हत पाय उशीवर घेतला. सिस्टरांनी हातमोजे चढवले आणि पट्टी एका कडेनं, त्याचा एक केसही ओढला जाऊ नये अशी, सोडवायला घेतली.